मुका पट्टा

बाबांचा ट्रान्समीटर काडेपेटीएवढा,
ताकद पाव वॅटहूनही कमी.
फ्रिजमधला दिवासुद्धा त्याला हसेल.
दर दहा मिनिटांनी तो तेच बोलतो:
मी अमुक, राहतो अन्स्ट बेटावर, ताकद एवढी एवढी.
बस.
‘जेवलात का’ नाही, ‘वारा कसा आहे’ नाही.

आणि स्क्रीनवरच्या नकाशात
शेटलंडच्या उत्तर टोकावरून रेघा सुटतात.
कॅनरी बेटं. ओम्स्क.
पर्थजवळ कुणी निवृत्त दंतवैद्य.
उणे सत्तावीस डेसिबल, म्हणजे वादळात
कुणी उशीत तोंड खुपसून पुटपुटावं
आणि तरी त्या माणसाच्या यंत्राला कळावं, कोण ते.
बाबा चहा ढवळत मोजतात: आज एकतीस.

एक ठिपका मात्र कोरडा.
नकाशा मोठा करा. अजून.
नैर्ऋत्येला, सगळ्यांपासून फटकून बसलेलं फूला बेट,
तिथं टॅमसकाका.
इथून शंभर किलोमीटर.
त्याचा रिसीव्हर रात्रंदिवस चालू,
चिली ऐकतो, जपान ऐकतो,
सख्ख्या भावाला ऐकत नाही.

आजोबांची होडी बाबांनी विकली, न विचारता.
त्याला एकोणीस वर्षं झाली.
आईनं पत्रं लिहिली, लोकरीचे मोजे पाठवले,
शेवटी आभाळाला हात टेकले.

मला वाटायचं, काका कानात बोटं घालून बसलाय.
मग एकदा बाबांनी वीजबिलाच्या पाकिटावर
पेन्सिलीनं दाखवलं:
उंच खांबावरची तार तिरपं फेकते,
लाट वर आदळते, खाली उतरते ती थेट परक्या मुलखात,
मधल्या घरांच्या डोक्यावरून.
मधे उरतो तो मुका पट्टा.
दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तोच,
फक्त किलोमीटरमध्ये मोजलेला.
“त्याची चूक नाही यात,” म्हणाले.
पाकीट घडी करून खिशात घातलं.
“माझीही नाही.”

जानेवारीतला मंगळवार.
बाबांचा चहा गार झाला, पण ढवळणं चालूच.
काकाचा ठिपका रंग बदलून बसला होता.
ऐंशी मीटरवर. भरदिवसा.
त्या पट्ट्यावर दिवसा ऐकायला असतं काय?
ना चिली, ना जपान.
दिवसा तिथं फक्त जवळचे ऐकू येतात.

बुधवारी काही झालं नाही.
गुरुवारीही.
शुक्रवारी बाबांनी टोपी घातली.
“ओस्ला, पक्कड दे.”
स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी बघत होते:
बत्तीस वर्षं ताठ उभा खांब त्यांनी आडवा केला,
लांब तार घेऊन कुंपणाच्या बाजूनं
ओढत गेले, पुरुषभर उंचीवर बांधत,
मेंढ्या तोंडातलं गवत विसरून मागोमाग.
गुडघे चिखलानं भरलेले, आत येऊन म्हणाले,
“दूरच्याशी बोलायचं तर तिरपं चालतं.
जवळच्यासाठी सरळ वर बोलावं लागतं.
मग ते सरळ खाली पडतं.”
हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं.
पहिल्या परीक्षेच्या पुस्तकातच असतं ते.

बाराला दहा कमी. सूर्य समुद्रापासून चार बोटं वर,
त्याच्याहून वर तो या दिवसांत चढतच नाही.
यंत्र बोललं. आम्ही थांबलो.
ओम्स्क गेलं. पर्थ गेलं.
कॅनरीची रेघ गेली, दंतवैद्य गेला.
एक रेघ बर्गनला, एक ॲबरडीनला.
नकाशा इतका रिकामा मी कधी पाहिला नव्हता.
बाबांनी मोजलं नाही.

आणि आमच्याच बेटाच्या पायाशी
काहीतरी बारीक, तिरकं, नखाएवढं.
ऐकलं ते यंत्रानं, काकानं नव्हे,
तो तेव्हा कदाचित कोंबड्यांना दाणे टाकत असेल.
पण मला हे सगळं नंतर सुचलं.
तेव्हा वाटलं, स्क्रीनवर कचरा चिकटलाय.
मी बाहीनं पुसलं.
पुन्हा पुसलं.

जाईना.